ट्रंकेतला डगला एकदा दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात एका सद्गृहस्थांचं पत्र आलं. जळगावच्या एका चित्रप्रदर्शनात त्यांनी एक चित्र पाहिलं. अंगात अंगरखा, डोईला पागोटं, कमरेला तलवार आणि या सगळ्याच्या वर कुत्र्याचं तोंड. 'शूरांच्या वेशाची ही विटंबना कोणी थांबवील काय?' असं त्यांनी विचारलं आहे. चित्रकाराचं नाव त्यांनी दिलं नाही, हा त्यांचा चांगुलपणा. ते चित्र माझं. माझंही नाव छापू नये ही विनंती, कारण घरातल्या मंडळींचं म्हणणं असं की गाव आधीच काय कमी हसतं! पत्र लांबलंय. कात्री लावावी लागली तर मधून लावा, शेवटून नको. माझं काम शेवटी आहे.

मी धरणगावचा पेंटर. कला महाविद्यालयाचं तोंड पाहिलेलं नाही. तीसएक वर्षं दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, शाळांच्या भिंतींवरचे नकाशे आणि निवडणुकीतल्या भिंती रंगवल्या. पंजा काढला, कमळ काढलं, घड्याळ काढलं, सगळ्यांचे थोडे थोडे पैसे बुडाले. मग फ्लेक्स आला. चार दिवसांच्या पाटीचं काम तासाभरात छापून मिळू लागलं आणि माझे ब्रश डब्यात वाळायला लागले. त्यात वर्षं गेली. पोरगा एका दुकानात लागला, मी शाळांच्या स्नेहसंमेलनांचे पडदे रंगवत राहिलो.

जनावरांना सैनिकी वेश चढवायचं पहिलं काम आलं ते गुरांच्या एका डॉक्टरांकडून. त्यांचा मोत्या म्हातारपणानं गेला होता. पुण्याच्या मुलीनं मोबाइलवर एक परदेशी चित्र पाठवलं, जनरलच्या कोटातला कुत्रा. 'बाबा, आपल्या मोत्याचं असं करून घ्या.' मी पाटीवाला माणूस. नमुना समोर आहे ना, मग उतरवला. खांद्यावर झुपकेदार सोनेरी एपॉलेट, छातीवर पदकांची रांग, कमरेला तलवार. डॉक्टर खूश, मुलगी फोनवर रडली, पैसे रोख मिळाले. आठ दिवसांनी त्यांच्याकडे म्हशीचं औषध न्यायला एक निवृत्त सुभेदार आले. भिंतीकडे पाहिलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं आणि विचारलं, "डॉक्टर, हा कोणाच्या फौजेत होता?"

पदकं उजव्या छातीवर होती. तलवार उजव्या कमरेला. कोटाची उजवी बाजू डावीवर आलेली, बायकांच्या शर्टासारखी. मुलीनं पाठवलेला फोटो कुठेतरी आरशासारखा उलटा झाला होता आणि मी तो जसाच्या तसा कॅनव्हासवर बसवला होता. उजव्या हातानं उपसायची तलवार उजव्याच कमरेला लटकली तर ती म्यानातून निघणार कशी, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. मला बोलावून घेतलं. सुभेदार रागावले नाहीत, उलट चहा पाजला. म्हणाले, "कुत्रा चालेल हो पेंटर. वर्दीत चूक नको." मग समोरच्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला त्यांनी बॉलपेननं एक माणूस काढला आणि काय कुठल्या बाजूला असतं ते बाणांनी दाखवलं. ते चिटोरं अजून माझ्या रंगाच्या पेटीच्या झाकणात चिकटवलेलं आहे.

ते चित्र मी परत आणलं आणि पैसे न घेता नवीन करून दिलं. या वेळी परदेशी कोट नको, आपल्याकडचंच काहीतरी करू, असं ठरलं. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात जाऊन जुनी पुस्तकं चाळली. शिवकाळातल्या घोडदळाची रचना तिथे नीट वाचली. पंचवीस बारगिरांवर, म्हणजे स्वारांवर, एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी, म्हणजे पाण्याची पखाल वाहणारा, नि एक नालबंद. मोत्याला हवालदार केलं. सद्गृहस्थांनी प्रदर्शनात पाहिलं ते हेच दुसरं चित्र, डॉक्टरांनी चार दिवसांपुरतं उसनं दिलेलं. तलवार डाव्या कमरेला होती, हे त्यांनी पाहिलं असेलच.

त्यानंतर कामं येत गेली. दीड बाय दोन फुटांच्या कॅनव्हासला मी साडेसहा हजार घेतो, अर्धे आधी. सध्याच्या फौजेची वर्दी काढत नाही आणि पदक तर मुळीच नाही. ती ज्याची त्यानं मिळवलेली असते. छत्रपतींचा जिरेटोप नाही. इतिहासात ज्याचं नाव आहे अशा कोणाही माणसाचा वेश नाही. पुण्याच्या एका बाईंनी त्यांच्या बोक्याला जिरेटोप घालायचे दुप्पट पैसे देऊ केले होते. मी म्हटलं, ताई, तेवढं सोडून बोला. शेवटी त्या शिलेदारावर आल्या. तेव्हा मी त्यांना सांगितलं की शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येणारा. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळतो. तुमचा बोका स्वतःचं काय आणतो? बाई फोनवर हसत सुटल्या. बोका बारगीर झाला आणि बारगीरच शोभला. पुढच्या वेळी मांजर आलं तर पखालजी करायचं मनात आहे, पाण्याला सगळ्यात भिणारं जनावर म्हणून.

आता थोडं कामाविषयी लिहितो, कारण 'दोन मिनिटांची थट्टा' असे शब्द त्या पत्रात आहेत. एका चित्राला मला पंधरा ते वीस दिवस लागतात. मे महिन्यात जास्तच. आमच्याकडे पारा पंचेचाळिसाला टेकला की ॲक्रिलिक पॅलेटवरच कातडं धरतं, ब्रश उचलेपर्यंत रंगाची साय होते, म्हणून उन्हाळ्यात मी तैलरंगावर येतो आणि पहाटे चारला बसतो.

खरी अडचण रंगाची नाही, सांध्याची आहे. माणसाचा कोट माणसाच्या खांद्यासाठी शिवलेला असतो. कुत्र्याला माणसासारखं गळपट्टीचं हाड नसतं म्हटलं तरी चालेल, छाती अरुंद आणि खोल असते, खांदे उतरते. त्याच्या खऱ्या खांद्यावर एपॉलेट ठेवलं तर ते घसरून पोटाखाली जाईल. म्हणून धड माणसाचं घ्यावं लागतं आणि मान जनावराची, आणि दोन्ही कुठे जुळतात ते कळू द्यायचं नाही. त्यासाठी गळपट्टीवर केसांचा एक थर सांडवायचा. केस ज्या दिशेनं वळतात तीच दिशा कपड्याच्या चुणीला दिली की डोळा तिथे अडखळत नाही. मग कान. पागोट्यात कान कुठे जाणार? आत कोंबले तर कुत्रा आजारी दिसतो. बाहेर काढले तर पागोट्याचे पेच कानाला वळसा घालून गेले पाहिजेत, जसे खरंच कोणी त्याच्या डोक्याला बांधले असते. मी पेच रंगवण्याआधी घरी तांब्यावर उपरणं बांधून पाहतो. तांब्याला कान म्हणून दोन वांगी बांधतो, भरताची, लांबट हिरवी. बायको म्हणते, भरीत करायचं आहे, तुझं पागोटं लवकर सोड.

जरीचंही तसंच. नवखा पोरगा जरीसाठी बाजारातली सोनेरी बाटली आणतो आणि कामाचं मातेरं करतो. सोनेरी रंग चित्रात मळकट तपकिरी दिसतो. जर काढायची ती गेरूनं, पिवळ्या मातीनं, सावलीत बर्न्ट अंबरनं आणि जिथे उजेड पडतो तिथे लिंबू पिवळ्याचे आणि पांढऱ्याचे मोजके टिंब. दोन हात लांबून ती चमकते. जवळून पाहिलं तर तिथे सोनं नसतंच.

तापीकाठच्या एका शेतकऱ्यांचं काम मी कधी विसरणार नाही. आप्पा सत्तरीचे. सर्जा नावाचा बैल, चौदा वर्षं घरी राबून गेलेला. ट्रॅक्टर आल्यावर लोकांनी बैल विकले, यांनी विकला नाही. "पेंटरभाऊ, मन्हा सर्जाले सरदार करी दे." फोटो पोळ्याचा होता. आता पोळ्याला आपण काय करतो? शिंगं रंगवतो, बाशिंग बांधतो, झूल घालतो, गोंडे, घुंगरमाळा, आणि खापरावरच्या मांड्यांचा नैवेद्य त्याच्या तोंडाशी धरतो. जनावराला मानाचा पोशाख चढवणं खानदेशात कोणाला शिकवायला नको. सरदार म्हटल्यावर मी रुईभरल्या अंगरख्याचा विचार केला. तलवारीचा वार झेलायला अंगरख्यात कापसाचे थर भरून टाचत असत, वरून चिलखताच्या कड्या. एक कडी तिच्या भोवतीच्या चार कड्यांत अडकलेली. कापूस म्हटल्यावर आप्पांची मान हलली, त्यांच्या शेतात तोच.

बैलाचं तोंड समोरून काढता येत नाही, नुसतं नाक दिसतं. डोळे दोन बाजूंना. म्हणून तीन-चतुर्थांश वळवलं. शिंगांमधून शिरपेच बसवला. अंगरखा मनासारखा झाला. कड्या मोजून काढल्या, सहा दिवस फक्त कड्या. आप्पा न्यायला आले, उभं राहून पाहिलं, बसून पाहिलं, आणि म्हणाले, "त्याना डोया नई शेतस ह्या."

मी म्हटलं, आप्पा, डोळे फोटोतलेच आहेत.

"ह्या ते माणूसना डोया शेतस."

अंगरख्याला ते काही बोलले नाहीत. मला त्याच दुपारी मोटारसायकलवर मागे बसवून गोठ्यात नेलं. सर्जाच्याच वंशातला एक गोऱ्हा होता तिथे. उन्हात त्याची वेसण धरून मला म्हणाले, बघ. मी इतकी वर्षं पोळ्याला बैलांची शिंगं रंगवली, पण बैलाच्या डोळ्यात कधी पाहिलं नव्हतं. त्याची बाहुली आपल्यासारखी गोल नसते. आडवी असते, निळसर काळी, गोठ्याच्या आडव्या फटीसारखी. उन्हात ती आणखी बारीक होते आणि तिच्यावर आकाशाचा एक तुकडा पडलेला दिसतो. मी सवयीनं दोन गोल ठिपके ठेवून मोकळा झालो होतो. घरी आलो, डोळे खरवडले, बर्न्ट अंबरमध्ये अल्ट्रामरिन मिसळून आडव्या बाहुल्या काढल्या. आप्पांना परत बोलावलं. या वेळी त्यांनी चित्राकडे पाहिलं आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. बोलले काहीच नाहीत. बाकीचे पैसे मोजताना दोनदा चुकले.

आता त्या सद्गृहस्थांचं जे म्हणणं मला पटतं, तेही लिहितो. वेश म्हणजे नुसतं कापड नव्हे, असं त्यांनी लिहिलंय. खरं आहे. हे मला सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गुरुजींनी शिकवलं. गुरुजी स्वतः भिल्ल. त्यांचा शिकारी बाण्याचा तांबडा कुत्रा होता, त्याचं चित्र हवं होतं. मी उत्साहानं सुचवलं, याला खानदेश भिल्ल पलटणीचा शिपाई करू! १८२५ साली जेम्स आउट्रमनं ही पलटण उभी केली, तिचं ठाणं आमच्याच धरणगावात. घरबसल्या इतिहास, मला काय पाहिजे! गुरुजी शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, खाज्या नाईकही आधी कंपनीच्याच चाकरीत घाटाची राखण करत होते. पुढे त्याच कंपनीविरुद्ध उठले. एप्रिल १८५८ मध्ये आंबापाणीला लढाई झाली, तिथे आमची माणसं पडली. "माझ्या कुत्र्याला साहेबाचा कोट नको, पेंटर."

मी खाली पाहिलं. मग तिरकमठा देऊ का, म्हणून विचारलं, तर ते म्हणाले की तोही नको, तो माणसाचा आहे. शेवटी कुत्रा कुत्र्यासारखा काढला, गळ्यात पट्टा नाही, मागे डोंगराची निळी रांग. एवढंच. सैनिकी वेश नसलेलं माझं ते एकमेव काम, आणि माझ्या पोराला सगळ्यात तेच आवडतं.

दुसरं असं, की विटंबना शोधायची असेल तर ती आता मोबाइलमध्ये शोधावी. हल्ली गिऱ्हाईक आधी फोनवर यंत्राकडून चित्र करून घेतं आणि मला म्हणतं, असंच पाहिजे, फक्त हातानं. अर्ध्या मिनिटात तयार. मावळ्याच्या अंगावर फ्रेंच एपॉलेट, त्यावर राजपुती कलगी, कमरेला दोन म्यानं आणि एकच मूठ. बटणं विरघळल्यासारखी एकमेकांत गेलेली, आणि एकालाही काज नाही. मी गिऱ्हाइकाला विचारतो, हा कोट काढायचा कसा? काज नसलेल्या बटणाचा कोट अंगावरच शिवलेला असला पाहिजे! फ्लेक्सनं माझी अक्षरं नेली, आता हे बाकीचं नेणार असं दिसतंय. न्यायला हरकत नाही, पण निदान नीट बघून न्यावं.

आणि नीट बघायचं तर बघायचं कुठे, यासाठी हे पत्र.

पुस्तकातल्या चित्रावरून कपडा कळत नाही. तो हातात घ्यावा लागतो. मला हे समजलं एरंडोलकडच्या एका आजींमुळे. वय अठ्ठ्याऐंशी. त्यांच्या नातवानं माझं चित्र कुठेतरी पाहिलं आणि आजींना दाखवलं. त्यांनी निरोप धाडला, पेंटरला बोलाव. मी गेलो. कोणाचं काढायचं, विचारलं. "मन्हा सासरानं खेचर काढी दे."

त्यांचे सासरे पहिल्या महायुद्धात खेचरांच्या तांड्यावर ड्रायव्हर म्हणून बसऱ्याला गेले होते. घरी सगळे 'बसऱ्याची लढाई'च म्हणतात. इराकातल्या कुतला इंग्रजी फौज तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती, त्यांना सोडवायला निघालेल्या फौजेत हे बाहेरून दाणागोटा वाहत होते. सोडवणं काही जमलं नाही. एप्रिल १९१६ अखेर आतले शरण गेले. आत उपासमार इतकी झाली होती की घोडी-खेचरं कापून खायची पाळी आली, आणि पुष्कळ हिंदी शिपायांनी ते मांस खायला आधी नकारच दिला. ही बातमी बाहेर आली तेव्हा सासऱ्यांनी दोन दिवस अन्न घेतलं नाही, असं आजी सांगतात. माणसांच्या हालांमुळे नाही, खेचरांमुळे. त्यांचं स्वतःचं खेचर बाहेर जिवंत होतं. ते तिथेच सोडून त्यांना परत यावं लागलं. पुढे पन्नास वर्षं घरात कोणी लहान मूल हट्टाला पेटलं की ते म्हणायचे, माझं खेचर बघायला पाहिजे होतं तुम्ही.

सासऱ्यांचा वर्दीतला एकही फोटो नाही. खेचराचा तर नाहीच. आजींच्या मनात आलं, खेचरालाच सासऱ्यांचा डगला घाला, म्हणजे दोघं एका चित्रात येतील.

पत्र लिहिणाऱ्या सद्गृहस्थांनी आजींना भेटावं, मी घेऊन जाईन.

आजींनी ट्रंक उघडायला लावली. वर लग्नातलं लुगडं, खाली गुळगुळीत झालेली घोंगडी, आणि तळाशी डांबराच्या गोळ्यांच्या वासात खाकी ड्रिलचा डगला. कसरीनं पाठीला जाळी केली होती. खाकी हा शब्द 'खाक'वरून आला, म्हणजे धूळ, आणि तो डगला खरंच धुळीच्याच रंगाचा झाला होता. पण मी खिशाची झडप उचलली तर तिच्याखाली बोटभर रुंदीचा मूळ रंग होता, हिरवट झाक असलेला, जाड, जणू कालच रंगवलाय. वर्षानुवर्षं ऊन लागलं नव्हतं तिथे. पिवळ्या मातीत जराशी हिरवी आणि पांढरा, हा हिशोब मी कुठल्याही पुस्तकातून काढू शकलो नसतो. कॉलरच्या आत घामाचा काळा डाग, उजव्या बाहीवर एका दोरीनं घासून चकचकीत झालेली पट्टी. लगाम धरायचा हात. तो घासलेला भाग चित्रात आहे.

शिवाय पायाला गुंडाळायची पट्टी. लोकरीची, चार बोटं रुंद, पाचसहा हात लांब. इंग्रजांनी तिचं नावही आपल्याच 'पट्टी'वरून घेतलं. जोडीतली एकच उरली होती, दुसरी कित्येक वर्षं धान्याच्या कोठीचं झाकण बांधायला गेली आणि विरली. पायदळाचा शिपाई ती घोट्यापासून वर गुंडाळी, घोडेस्वार गुडघ्याखाली सुरुवात करून घोट्याशी संपवी, हे मी वाचलं होतं. सासरे कसे गुंडाळायचे? आजींनी नातवाला ओट्यावर बसवला, जीन्सची पँट वर करायला लावली आणि वाकून स्वतः गुंडाळून दाखवली. खालून वर. "खेचरवालाले पायी चालनं पडे ना." दर वेढ्याला अर्ध्या पट्टीवर अर्धी पट्टी, आणि नडगीवर एक घडी उलटी, म्हणजे ती सरकत नाही. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बोटांना ते कुठून आठवलं कोण जाणे. सासरे दर दसऱ्याला गुंडाळायचे म्हणे, पाय सुजेपर्यंत. मी वहीत सात पानं काढली.

संपादक महोदय, भुसावळला रॉबर्ट गिल नावाच्या एका फौजी अधिकाऱ्याची कबर आहे. मद्रास फौजेतला हा माणूस १८४४ च्या सुमारास अजिंठ्याला आला, ते भिंतींवरच्या चित्रांच्या तैलरंगात नकला करायला. वर्षानुवर्षं करत राहिला. त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली तेव्हा जळून गेल्या. १८७९ मध्ये तो वारला. अजिंठ्याच्या सतरा नंबरच्या लेण्यात सहा सुळ्यांचा हत्ती आहे, त्याच भिंतींवर सिंहलाच्या स्वारीचे हत्ती-घोडे, भाले आहेत. मी दर दोन वर्षांनी जातो. दर वेळी कुठेतरी नखाएवढा रंग कमी वाटतो. नकला जळाल्या आणि भिंतीही झडताहेत, असं झालं म्हणजे मधल्या माणसाच्या वहीत जे उरलं तेवढंच.

माझी विनंती आपल्या वाचकांना आहे. खानदेशात जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठेही, कोणाच्या घरी आजोबा-पणजोबांचा फौजेतला डगला, पट्टी, पागोटं, बूट, पिशवी, पाण्याची बाटली असेल तर ते भंगारवाल्याला देण्याआधी किंवा जाळण्याआधी एकदा मला पाहू द्या. मी न्यायला येत नाही. एक वही, पेन्सिल आणि रंगांची छोटी पेटी घेऊन येईन, तासभर बसून काढीन आणि जाईन. पैसे घेणार नाही. चहा चालेल. तुमच्याच तालुक्यातल्या चित्रकलेच्या शिक्षकाला आधी दाखवलंत तरी चालेल, मला राग नाही. फाटका असेल तर उत्तम, फाटल्यावर आतली शिवण दिसते. एका सरकारी कार्यालयात मी असे कपडे पाहायची परवानगी मागितली होती. अर्जावर शिक्का मिळाला, दार काही उघडलं नाही. म्हणून घराघरांतल्या ट्रंकांकडे वळलोय. पत्रं आपल्या कार्यालयात ठेवून घेतलीत तर मी दर शनिवारी येऊन नेत जाईन.

आजींचं चित्र अजून पुरं झालेलं नाही. खेचराच्या लांब कानांभोवती खाकी पागोटं बसलं, उजवी बाही घासलेली दिसते, पायाला पट्टी खालून वर आहे. कमरेपर्यंतच काढायचं होतं, पण फौजेत खेचराच्या खुरावर नंबर डागतात. आजींच्या सासऱ्यांनी त्याला नाव ठेवलं नव्हतं, ते त्याला नंबरानंच हाक मारत. मग खूर दिसायलाच हवा म्हणून कॅनव्हास बदलला, उभा साडेतीन फुटांचा घेतला. चार आकडी नंबर होता. पहिले तीन आजींना पक्के आठवतात. शेवटचा तीन की आठ, यावर त्या आणि त्यांचे धाकटे दीर गेला महिनाभर भांडताहेत. तेवढी जागा मी कोरी ठेवली आहे.

आपला,
एक पेंटर,
धरणगाव